विषाणू घराघरांत, आजार मोजक्यांना

मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला रुग्णही आता एमएस असंच म्हणतात, तो आजार सातारा-सांगली भागात मेंदू आणि मज्जातंतूंच्या विकारांचं काम करणाऱ्या डॉक्टरला रोज दिसत नाही. रोज दिसतात ते पक्षाघात, फिट, सरकलेली गादी, मधुमेहानं बधिर झालेले पाय आणि मेंदूचा टीबी. एमएस अधूनमधून येतो, आणि येतो तेव्हा समोर बहुधा वीस ते चाळीस वयाची बाई असते, कारण हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं होतो. तक्रारी साध्या वाटतात. एका डोळ्यापुढं धूर आल्यासारखं दिसतं आणि डोळा हलवला की दुखतो. कमरेखाली मुंग्या येतात. चालताना झोकांडी जाते. लघवीला घाई होते. दुपारपर्यंत अंगातलं बळ संपतं. आणि मग, बऱ्याचदा काही आठवड्यांत, हे सगळं आपसूक ओसरतं. म्हणूनच निदानाला उशीर होतो. त्या आठवड्यांत जे काही केलेलं असतं, मग ती बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं असोत, कमरेचा पट्टा असो की देवऋषाचा अंगारा, त्याला गुण आला असं घरचे मानतात. दुसरा किंवा तिसरा अटॅक आला की मग मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्यात एमआरआय होतो आणि मेंदूत, मणक्यात पांढरे डाग दिसतात. तिथून पुढं घरच्यांचा एकच प्रश्न असतो: हे झालं कशानं?

या प्रश्नाचं आम्हा डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर वर्षानुवर्षं असं होतं की, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. का उलटते ते कळलेलं नाही. वैद्यकाच्या दृष्टीनं हे उत्तर प्रामाणिक होतं, पण घराच्या दृष्टीनं ती मोकळी जागा होती, आणि मोकळी जागा घर आपल्या परीनं भरून काढतं. कुणी म्हणतं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणतं बाळंतपणात हयगय झाली, कुणी द्राक्षबागेतल्या फवारणीला दोष देतं, कुणी करोनाच्या लशीला. सगळ्यांत वाईट संशय सुनेवर येतो, की आजार लग्नाआधीचा होता आणि माहेरच्यांनी तो लपवला. इतक्या वर्षांच्या कामातून माझं मत असं बनलं आहे की, ती जागा मोकळी ठेवायचं आता कारण उरलेलं नाही. एमएसच्या मुळाशी एका विषाणूचा संसर्ग आहे, हे म्हणण्याइतका पुरावा जमा झाला आहे. तो विषाणू एकटा आजार घडवत नाही. पण त्याच्यावाचून तो जवळजवळ घडतच नाही. आणि आपल्या भागात रुग्ण कमी आहेत ही गोष्ट या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, उलट नीट पाहिलं तर ती त्याच्याशी जुळते.

विषाणूचं नाव एपस्टाइन-बार. १९६४ मध्ये लंडनमध्ये अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट आचाँग यांनी तो शोधला, आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका गाठीच्या पेशींमध्ये. पुढं कळलं की जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतोच. लाळेतून पसरतो, प्रतिकारशक्तीच्या बी पेशींत शिरतो आणि तिथं जन्मभर मुक्काम करतो. लहानपणी झाला तर साध्या सर्दी-तापासारखा जातो, कित्येकदा कळतही नाही. कुमारवयात किंवा तरुणपणी पहिल्यांदा झाला तर मात्र घसा सुजतो, मानेत गाठी येतात, प्लीहा वाढते आणि महिना-महिना थकवा राहतो. या तापाला ग्लँड्युलर फीव्हर म्हणतात. हा ताप येऊन गेलेल्यांना पुढं एमएस होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून थोडी अधिक असते, हे पाश्चात्त्य देशांतल्या अनेक अभ्यासांत पूर्वीपासून दिसत होतं. पण एवढ्यावर कुणी कारण सिद्ध झालं असं म्हणत नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

चित्र बदललं ते जानेवारी २०२२ मध्ये. हार्वर्डच्या अल्बर्टो अॅशेरियो यांच्या गटानं अमेरिकी सैन्याच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांचा उपयोग करून ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. तिथल्या प्रत्येक सैनिकाचं रक्त एचआयव्हीच्या तपासणीसाठी भरतीच्या वेळी आणि नंतर ठरावीक काळानं घेतलं जातं, आणि उरलेला नमुना गोठवून ठेवला जातो. वीस वर्षांत नोकरीत असलेल्या एक कोटीहून अधिक तरुणांमधून ९५५ जणांना एमएस झालेला आढळला. त्यांपैकी ८०१ जणांचे आजारापूर्वीचे नमुने उपलब्ध होते. या ८०१ मध्ये पहिल्या नमुन्यात हा विषाणू नसलेले ३५ जण होते. आजार सुरू होण्याआधी त्यांतल्या ३४ जणांना तो होऊन गेला. फक्त एक उरला. विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढत होता. वैद्यकात एवढे मोठे आकडे क्वचित दिसतात; धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्या नात्यात दिसतात तसे. लाळेतूनच पसरणाऱ्या सायटोमेगॅलो या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत मात्र असा धोका वाढलेला दिसला नाही.

इथं एक रास्त शंका येते. एमएस लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी आत सुरू झालेला असतो. मग आजारामुळंच संसर्ग लवकर जडत असेल तर? त्या संशोधकांनी हेही तपासलं. मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन वाढतं. पुढं एमएस झालेल्यांमध्ये हे प्रथिन विषाणूच्या संसर्गानंतर वाढलं, आधी वाढलेलं नव्हतं. म्हणजे क्रम स्पष्ट आहे: आधी संसर्ग, मग इजा, मग लक्षणं, आणि या टप्प्यांमध्ये वर्षं जातात. आपल्याकडच्या डॉक्टरांना इतक्या उशिरानं उगवणाऱ्या परिणामाचं नवल वाटायला नको. लहानपणी गोवर झालेल्या मुलाची शाळेत गेल्यावर काही वर्षांनी बुद्धी मंदावते, हातापायाला झटके येतात, तो एसएसपीई हा भयंकर आजार आपण या भागात पाहिलेला आहे. गोवराचाच विषाणू मेंदूत दडून राहिलेला असतो.

पण घशात आलेला विषाणू मेंदूतल्या मायलिनच्या आवरणावर हल्ला कसा करवतो? या ठिकाणी परदेशी प्रयोगशाळांकडे जाण्याआधी आपल्याच आठवणीकडं पाहावं. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही गोष्ट आज पन्नाशीच्या पुढं असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीत १९११ च्या सुमारास विकसित केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे, आणि त्या मेंदूत मायलिन असे. हजारोंचे प्राण तिनं वाचवले, पण ती घेतलेल्यांपैकी काही थोड्यांना नंतर मेंदूची किंवा मणक्याची सूज येई, पाय लुळे पडत. प्रतिकारशक्ती मेंढीच्या मायलिनविरुद्ध तयार होई आणि माणसाच्या मायलिनवर तुटून पडे. या शतकाच्या पहिल्या दशकात ती लस आपल्याकडं बंद झाली. दुसरा दाखला तर अगदी ताजा आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, धायरी, किरकटवाडी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमची साथ आली, दोनशेहून अधिक रुग्ण झाले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जिवाणू सापडला. त्याच्या कवचावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे असतात. जिवाणूशी लढायला बनलेल्या अँटिबॉडी नसांना लागतात. आजार वेगळा, जंतू वेगळा, पण सारखेपणातून होणारी ही गफलत तीच. २०२२ मध्येच स्टॅनफर्डच्या विल्यम रॉबिन्सन यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये दाखवलं की, एपस्टाइन-बार विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनाशी जुळतो, आणि एमएसच्या साधारण चार-पाच रुग्णांत एकाच्या रक्तात दोघांनाही चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात. सगळ्यांत नसतात, म्हणजे वाट एकच नसावी. मात्र अशी वाट असू शकते, यावर आता शंका घ्यायला जागा नाही.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हा की, विषाणू जर सगळ्यांनाच होतो तर तो मोजक्यांच्या आजाराचं कारण कसा? मिरजेत काम करणाऱ्यानं तरी हा आक्षेप मनाला लावून घेऊ नये. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, पुढं जवळच वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी वेगळं आरोग्यधाम झालं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. आजही आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फुफ्फुसात तो जंतू निपचित असतो आणि आयुष्यात दहांतल्या एकालाही त्याचा आजार होत नाही. म्हणून क्षय त्या जंतूनं होत नाही असं कुणी म्हणत नाही. पोलिओचा विषाणू दोनशे मुलांना झाला तर त्यांतल्या एखाद्याचाच पाय अधू व्हायचा. कारण असणं आणि एकटं पुरेसं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एमएसमध्ये विषाणूच्या जोडीला आणखी काही लागतं: आनुवंशिक ठेवण, त्यातही पेशींची ओळख ठरवणारा एचएलएचा एक विशिष्ट प्रकार, धूम्रपान, कुमारवयातला लठ्ठपणा, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता. यांतलं प्रत्येक धोका थोडा-थोडा वाढवतं. विषाणूचा वाटा मात्र या सगळ्यांहून निराळा आहे, कारण तो वगळला तर आजार जवळजवळ उरत नाही.

याआधीही एमएसचा ठपका अनेक जंतूंवर ठेवला गेला आणि तो टिकला नाही, हेही खरं आहे. पिएर मारी यांनी १८८४ मध्येच संसर्गाची कल्पना मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य फॅरो बेटांवर उतरलं आणि १९४३ पासून तिथं एमएसचे रुग्ण दिसू लागले. जॉन कुर्त्झके यांनी त्यावरून सैनिकांनी काहीतरी संसर्ग आणला असं अनुमान काढलं. गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, असे अनेक उमेदवार पुढं आले आणि मागं पडले. त्या इतिहासानं सावध व्हायला हवं. पण जुने दावे आजार झाल्यानंतरच्या रक्तावर उभे होते, आणि आजारी माणसाची प्रतिकारशक्ती खवळलेली असते, तिच्यात कुठल्याही विषाणूच्या अँटिबॉडी जास्त सापडतात. २०२२ चा पुरावा निरोगी माणसाच्या आधीच्या रक्तापासून सुरू होतो. हा फरक लहान नाही.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची. ब्रिटनमध्ये लाखामागे दोनशेच्या आसपास माणसांना एमएस आहे. भारतात लेखा पंडित यांनी मंगळूर शहरात केलेली पाहणी २०१४ मध्ये छापून आली, तिच्यात लाखामागे आठच्या आसपास रुग्ण निघाले. आपल्याकडं हा विषाणू तर त्यांच्यापेक्षा लवकर आणि जवळपास सर्वांना होतो. मग आजार कमी का? एक भाग आनुवंशिक ठेवणीचा आहे, आणि त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध केली, लाखामागे सुमारे २१ रुग्ण. १९९० मध्ये नोशीर वाडिया यांनीही पारशांमध्ये हा आजार जास्त असल्याचं दाखवलं. तेच शहर, तेच ऊन, तेच पाणी, आणि शेजारच्यांपेक्षा कितीतरी पट रुग्ण. पण सगळं काही रक्तात असतं असंही म्हणता येत नाही. जेफ्री डीन आणि मार्टा एलियन यांनी १९९० मध्ये लंडनमधल्या भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांची माहिती छापली. मोठेपणी तिकडं गेलेल्यांत आजार विरळच होता. तिथं जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये मात्र तो इंग्रज मुलांच्या जवळ पोचत होता. आईबापांची ठेवण तीच, बालपण बदललं. मग बालपणात बदललं काय?

माझं उत्तर आहे, संसर्गाचं वय. आणि ते मी अनुमान म्हणूनच मांडते, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नाही. आपल्या खटल्याच्या घरात तान्हं मूल दहा हातांत फिरतं. आजी घास मऊ करून भरवते, मावशी मुके घेते, भावंडं एकाच ताटात जेवतात. वर्ष-दोन वर्षांत हा विषाणू मुलाच्या अंगात येऊन बसतो आणि कोवळी प्रतिकारशक्ती त्याच्याशी गाजावाजा न करता जुळवून घेते. लंडन-बोस्टनमध्ये तो अनेकांना पंधरा-वीस वर्षांचे झाल्यावर भेटतो, त्या वयातली प्रतिकारशक्ती जोरात उसळते, आणि त्या उसळण्यातच गफलतीची संधी असते. पोलिओच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. अस्वच्छ काळात सगळ्या बाळांना तो आईच्या अँटिबॉडीच्या पाखरेखाली होऊन जाई. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतली घरं स्वच्छ झाली, संसर्गाचं वय पुढं सरकलं आणि लुळेपणाच्या साथी तिथंच पेटल्या. १९६० च्या दशकातच काही संशोधकांनी एमएसला हा नियम लावून पाहिला होता. तेव्हा विषाणू हाती नव्हता, आज आहे. हे अनुमान खरं असेल तर सांगलीचं विश्रामबाग, साताऱ्याचा सदर बझार, कराडचं विद्यानगर इथल्या एका मुलाच्या चौकोनी घरांत आणि जत, आटपाडी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवरच्या घरांत हा विषाणू वेगवेगळ्या वयात पोचत असणार. पुढच्या पिढीत एमएस वाढला तर तो आधी कुठं वाढेल, हेही त्यावरून सांगता यायला हवं. यावरून कुणी मुलांना मुद्दाम अस्वच्छतेत वाढवा असा अर्थ काढू नये. स्वच्छतेनं जुलाबानं आणि न्यूमोनियानं मरणारी मुलं वाचली आहेत आणि तो सौदा कुठल्याही हिशेबात फायद्याचा आहे. इलाज लशीत आहे. तिच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत, पण दवाखान्यात मिळेल अशी लस अजून आलेली नाही.

रुग्ण कमी दिसण्यात निदानाचाही वाटा आहे, हे मान्य करते. एमआरआय नव्हता तेव्हा कितीतरी जणी मणक्याच्या टीबीची किंवा गादीची औषधं खात राहिल्या असतील. उलट बाजूनं, ज्याला पूर्वी एमएस म्हटलं त्यातला काही भाग एमएस नव्हताच. २००४ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये व्हॅन्डा लेनन यांच्या गटानं न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजाराची अँटिबॉडी शोधली आणि तो वेगळा निघाला. डोळे आणि मणका यांवर घाला घालणारा हा आजार आपल्याकडं तुलनेनं जास्त आढळतो, आणि एमएसची काही औषधं त्यात उलट घात करतात. म्हणून ती रक्ततपासणी महाग वाटली तरी आम्ही ती करायला सांगतो. फवारणीबद्दलही इथंच सांगून टाकते: कीटकनाशकांनी नसा खराब होतात, पण त्या हातापायाच्या नसा, मेंदूत जागोजाग डाग पडायचे, ओसरायचे आणि पुन्हा वेगळ्या जागी पडायचे, ही चाल त्यांची नव्हे.

आणखी एक आक्षेप औषधांकडून येतो. विषाणू कारण असेल तर विषाणूवरचं औषध लागू पडलं पाहिजे. या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी रुग्णांना देण्याची एक चाचणी २०२३ च्या अखेरीस अपयशी ठरली, हे खरं आहे. पण संधिवाताच्या तापाचं काय होतं ते पाहा. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूपासून सुरुवात होते आणि हृदयाची झडप खराब होते. खराब झालेली झडप पेनिसिलिननं सुधारत नाही, तरी पहिला हल्ला घशातूनच झालेला असतो. सुरुवात करणारा आणि पुढं आजार चालू ठेवणारा एकच असेल असं नाही. दुसरीकडं, आज एमएसमध्ये चांगला गुण देणाऱ्या औषधांत ऑक्रेलिझुमॅब आणि आपल्याकडं तुलनेनं परवडणारं रिटुक्सिमॅब ही आहेत, आणि ती दोन्ही बी पेशी कमी करतात, म्हणजे ज्या पेशींत हा विषाणू घर करतो त्याच. हा पुरावा म्हणून पुरेसा नाही, कारण बी पेशी इतरही कामं करतात. पण तो या दिशेनं बोट दाखवतो.

दवाखान्यातल्या रोजच्या बोलण्यात यामुळं काय बदलतं? विषाणू हा शब्द काढला की करोनातून गेलेल्या घराला पहिली भीती लागणीची वाटते. सासू विचारते, ताट-वाटी वेगळी करू का? नवरा विचारतो, पोरांना जवळ घेऊ द्यायचं ना? उत्तर निःसंदिग्ध आहे. एमएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. ज्या विषाणूची गोष्ट आहे तो घरातल्या जवळजवळ सगळ्यांना आधीच होऊन गेलेला असतो. कुष्ठरोग आणि क्षय यांच्या नावानं आपण माणसांना गोठ्याशेजारी ठेवलेलं आहे. ते पाप या आजाराच्या वाट्याला येऊ नये. दुसरं, विषाणूची रक्ततपासणी करून आणण्याची गरज नाही. ती जवळपास प्रत्येकाची पॉझिटिव्ह येते, तुमची आली तर त्यातून काहीच कळत नाही, आणि ते पैसे औषधाला लागतात. तिसरं, साध्या सर्दी-खोकल्याच्या विषाणूंचं प्रकरण वेगळं आहे. ते आजाराचं कारण नव्हेत, पण अशा संसर्गाच्या आगेमागे अटॅक येण्याचं प्रमाण जवळजवळ तिपटीनं वाढतं, असं १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं. शिवाय ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा सांगलीचा एप्रिल-मेमधला उकाडा यांनी जुनीच लक्षणं तात्पुरती वर येतात आणि अंग थंड झालं की जातात. त्याला नवा अटॅक समजून स्टेरॉइडची सलाइन लावून घेऊ नये. आणि लशीबद्दल: १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये हेपटायटिस-बीच्या लशीनं एमएस होतो असा गहजब झाला होता. २००१ मध्ये ज्या अभ्यासानं तो संबंध खोडून काढला तो याच अॅशेरियो यांचा होता. लशीवरचा आरोप पुराव्यानं फेटाळणारा आणि विषाणूवरचा आरोप पुराव्यानं मांडणारा माणूस एकच असावा, याचं मला मोल वाटतं.

कारण विषाणूत आहे हे एकदा स्वीकारलं, की दोष कुणावर ठेवायचा हा प्रश्नही सुटतो. लाळेतून येणारा, सगळ्यांना होणारा, लक्षणाविना राहणारा विषाणू कुणी लपवू शकत नाही, कुणाच्या हयगयीनं येत नाही आणि कुणाच्या शापानंही येत नाही. लग्नात फसवणूक झाली असं म्हणणाऱ्या सासरला हे शांतपणे सांगता येतं, आणि कारण माहीत नाही या जुन्या उत्तरापेक्षा ते कितीतरी जास्त पटतं.

मग आपल्या जिल्ह्यांनी काय करावं? मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं सिव्हिल, कराडचं कृष्णा रुग्णालय आणि खासगी न्यूरॉलॉजिस्ट यांनी मिळून एमएस आणि न्यूरोमायलायटिस यांची एक सामाईक नोंदवही ठेवावी, दोन्ही आजारांच्या नोंदी मात्र वेगवेगळ्या ठेवाव्यात. तिच्यात बालपण कुठं गेलं, घरात किती भावंडं होती, कुमारवयात गाठींचा लांबलेला ताप आला होता का, एवढं तरी लिहिलेलं असावं. सातारा हा फौजींचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं इथं आहेत, १९६१ पासून सैनिक स्कूल आहे. अमेरिकेला उत्तर मिळालं ते सैनिकांच्या जपून ठेवलेल्या रक्तातून. आपल्या सैन्यदलांनी आणि वैद्यकीय संशोधन परिषदेनं मनावर घेतलं तर भरतीच्या वेळचं रक्त, संमतीनं, आपल्याकडंही जपता येईल. आणि एक संधी तर जगात कुठं नसेल अशी आपल्या दाराशी आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातली सोन्या-चांदीची गलाई करणारी कुटुंबं पंजाबपासून केरळपर्यंत पसरली आहेत. एकाच मातीतली, एकाच रक्ताची माणसं, आणि मुलांचं बालपण मात्र वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या घरांत. लंडनमधल्या भारतीय मुलांवर जे पाहिलं गेलं ते या कुटुंबांवर जास्त बारकाईनं पाहता येईल. त्यांच्या संघटनांनी आणि इथल्या महाविद्यालयांनी एकत्र यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना दोन गोष्टी सांगते. बरं वाटतंय म्हणून चालू औषध मध्येच सोडू नका. अटॅक ओसरला तरी आजार आत चालू असतो. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे. सिव्हिलमध्ये तपासणी करून घेऊन यूडीआयडी कार्ड काढता येतं.